रोज रात्री नऊ वाजता...

बालमित्रांनो, 'सुंदरी आणि पशू' ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. कुणी पुस्तकात वाचली असेल, कुणी डिस्नेचा सिनेमा पाहिला असेल. त्यातली ती बोलणारी किटली, चिडकं घड्याळ आणि नाचणाऱ्या थाळ्या आठवल्या की हसू येतं ना? पण मूळ गोष्टीत किटली नाही, थाळ्याही नाहीत. तिथे घड्याळाला काम एकच, रात्रीचे नऊ वाजवायचे! नऊ वाजले की काय व्हायचं, ते पुढे सांगतेच. आधी गोष्ट ऐका. ज्यांना येते त्यांनीसुद्धा ऐका, कारण सिनेमावाल्यांनी तिच्यात भरपूर फेरफार केले आहेत.

एक धनाढ्य व्यापारी होता. त्याला तीन मुलगे, तीन मुली. धाकटी इतकी गोड दिसायची, की लहानपणी सगळे तिला 'बेल' म्हणू लागले. फ्रेंच भाषेत बेल म्हणजे सुंदर मुलगी. (आपल्या बेलाच्या पानाशी काही संबंध नाही हं!) मोठेपणीही तेच नाव राहिलं आणि थोरल्या दोघी बहिणी आतल्या आत जळू लागल्या.

अचानक व्यापाऱ्याचा सगळा पैसा बुडाला. उरलं ते दूर खेड्यातलं एक लहानसं घर. बेल पहाटे चारला उठायची, झाडलोट करायची, स्वयंपाक उरकायची आणि मग पुस्तक घेऊन बसायची. ताईसाहेब उठायच्या दहाला! वर्षभराने निरोप आला, की व्यापाऱ्याचं एक जहाज बंदराला लागलंय. वडील निघाले तेव्हा थोरल्या दोघींनी कपड्यालत्त्याची लांबलचक यादी दिली. बेलला खरं तर काहीच नको होतं. पण आपण काही मागितलं नाही तर बहिणींना तो टोमणा वाटेल, म्हणून तिने मागितलं एक गुलाबाचं फूल. केवढा बारीक विचार, बघा!

जहाजाचे पैसे कोर्टकचेरीत गेले. व्यापारी रिकाम्या हाताने परत निघाला. वाटेत बर्फाचं वादळ, घनदाट जंगल, लांडग्यांचं ओरडणं... आणि समोर दिव्यांनी झगमगणारा वाडा! आत चिटपाखरू नाही. शेकोटी पेटलेली, टेबलावर जेवण मांडलेलं. बिचाऱ्याने अकरा वाजेपर्यंत घरमालकाची वाट पाहिली. मग भूक आवरेना, तेव्हा थरथरत्या हातांनी जेवला आणि झोपला. सकाळी पाहतो तर उशाशी नवे कपडे. जाता जाता बागेत गुलाब दिसले, लेकीची आठवण झाली, त्याने एक फांदी तोडली. तोडल्याबरोबर गर्जना! समोर एक भयंकर पशू उभा.

जीव वाचवला, पाहुणचार केला, आणि उलट माझेच गुलाब चोरतोस? पशूचं म्हणणं चुकीचं नव्हतं, नाही का? घाबरलेला व्यापारी त्याला 'महाराज, महाराज' करू लागला. त्यावर पशूने सुनावलं, की मला महाराज म्हणू नकोस, मी पशू आहे, मला पशूच म्हण. खोटी स्तुती मला आवडत नाही, मनात असेल ते बोलावं. मग त्याने अट घातली. मरायला तयार हो, नाहीतर तुझ्याऐवजी एखादी मुलगी आपणहून इकडे येऊ दे.

बेल आपणहून गेली. निरोप देताना थोरल्या बहिणींनी डोळ्यांत पाणी यावं म्हणून कांदा चोळला! ही युक्ती फ्रान्समध्येही चालते तर!

आता तो पशू दिसायला कसा होता? गंमत म्हणजे आपण जी गोष्ट ऐकतो, तिच्यात हे नीटसं सांगितलेलंच नाही. 'भयंकर' एवढंच. म्हणून चित्रकारांनी आपापल्या मनाने त्याला रंगवलं, कुणी सिंहासारखं, कुणी अस्वलासारखं, कुणी रानडुकरासारखं. गोष्टीच्या आधीच्या रूपात मात्र त्याला हत्तीसारखी सोंड आहे आणि चालताना अंगावरचे खवले खडखड वाजतात. तुम्ही कसा काढाल?

आणि आता ते रात्रीचे नऊ.

वाड्यात बेलला काही कमी नव्हतं. पुस्तकांनी भरलेली खोली होती, वाजवायला वाद्य होतं, वडिलांचं घर दाखवणारा जादूचा आरसा होता. रोज रात्री ती जेवायला बसली, नऊचे ठोके पडले, की पशू यायचा. पहिल्याच रात्री त्याने विचारलं, मी बसू का इथे? बेल म्हणाली, तुम्ही मालक आहात. तर पशू म्हणाला, छे, इथली मालकीण तूच. तुला माझा त्रास वाटला तर जा म्हण, मी लगेच उठून जाईन. मग अडखळत त्याने विचारलं, की मी तुला फार कुरूप वाटतो का.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? 'नाही हो, छान दिसता!' असं? की 'ई, किती घाण!' असं? बेलने दोन्ही केलं नाही. तिने सांगितलं, की हो, वाटता, मला खोटं बोलता येत नाही. पण मनाने तुम्ही चांगले आहात असंही वाटतं.

पशू म्हणाला, कुरूप तर आहेच, वर मला अक्कलही नाही. इथे फ्रेंच भाषेतली एक गंमत आहे. पशूला फ्रेंचमध्ये 'बेत' म्हणतात आणि 'बेत' याचाच दुसरा अर्थ बुद्धू. म्हणजे बिचाऱ्याचं नावच 'बुद्धू'! पण बेलने त्याला समजावलं, की स्वतःला अक्कल कमी आहे असं ज्याला वाटतं तो बुद्धू नसतो. खऱ्या मूर्खाला ते कधी कळतच नाही.

मग पशूने विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?"

बेल घाबरली. नाही म्हटलं तर हा चिडेल, फाडून खाईल! तरी ती "नाही" म्हणाली. पशूने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की सगळा वाडा घुमला. आणि तो मुकाट्याने निघून गेला. जाताना मधूनमधून वळून बघत होता, एवढंच.

दुसऱ्या रात्री नऊ वाजता पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा नाही. असे तीन महिने! ती वाड्यात अडकलेली, तो बलाढ्य. पण त्याने एकदाही आवाज चढवला नाही, जेवण बंद केलं नाही, पुस्तकं काढून घेतली नाहीत. तिचं 'नाही' त्याने दर रात्री 'नाही' म्हणूनच ऐकलं. हळूहळू बेल नऊ वाजायची वाट पाहू लागली. तिला गप्पा हव्याशा वाटू लागल्या. रोज बघून बघून त्या चेहऱ्याची भीती गेली आणि कुरूपपणाची सवय झाली. तरी लग्नाला नकारच. आपण मित्र आहोत, त्यात समाधान माना, असं ती सांगायची.

मला या गोष्टीतलं सगळ्यांत जास्त आवडतं ते हेच तीन महिने. डिस्नेच्या १९९१ सालच्या सिनेमातला पशू आरडाओरड करतो, दारं आपटतो, मग बेल त्याला सुधारते. सिनेमा छानच आहे. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत नामांकन मिळालेला तो पहिला ॲनिमेशनपट! पण मुलींनो, आरडाओरड करणाऱ्याला सुधारत बसणं हे काही तुमचं काम नाही. मला जुना पशूच बरा वाटतो.

पुढचं भराभर सांगते. आरशात वडील आजारी दिसले. बेलने आठ दिवसांची रजा मागितली आणि पशूने दिली. एक अंगठी टेबलावर ठेवून झोपायचं, की सकाळी वाड्यात परत! घरी आल्यावर तिला थोरल्या बहिणींचे नवरे भेटले. हे दोघे जावई बघण्यासारखे आहेत बरं का. एक जण अतिशय देखणा, पण सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतःच्याच चेहऱ्यावर खूश. बायकोकडे बघायला त्याला वेळ कुठला! दुसरा अतिशय हुशार, पण सगळी हुशारी माणसांना घालूनपाडून बोलण्यात खर्च करायचा. सुरुवात बायकोपासून. त्या दोघींना पाहून बेलच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. हा देखणा, तो हुशार, तरी दोघी रडतात. आणि माझा पशू तर देखणाही नाही, बोलण्यात चलाखही नाही. मग मला त्याच्याजवळ बरं का वाटतं?

बहिणींनी खोटं खोटं रडून तिला जास्त दिवस ठेवून घेतलं. दहाव्या रात्री बेलला स्वप्नात पशू मरायला टेकलेला दिसला. ती परत आली. त्या दिवशी वाड्यात नऊ वाजले... आणि पशू आलाच नाही. बेल बागेत धावली. तो पाण्याच्या काठी पडलेला. ती तिच्या गळ्यातून कसंबसं म्हणाली, की तुम्ही मरायचं नाही, मी तुमच्याशी लग्न करीन. आणि काय! लखलखाट झाला आणि पशूच्या जागी राजपुत्र उभा राहिला. एका दुष्ट परीने त्याला शाप दिला होता. त्या मत्सरी बहिणींचे झाले दगडी पुतळे, वाड्याच्या दाराशी उभे.

पण गोष्टीतलं एक छोटंसं वाक्य बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. समोर एवढा देखणा राजपुत्र उभा आहे, आणि बेल त्याला काय विचारते? तर माझा पशू कुठे आहे!

ही गोष्ट पहिल्यांदा छापली गेली १७४० साली. लिहिणाऱ्या बाईंचं नाव गाब्रिएल-सुझान द व्हिलनव. सोंड आणि खवले त्यांचेच. त्यांची गोष्ट खूप लांबलचक होती आणि मोठ्यांसाठी होती. त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याने घरची मालमत्ता उधळली होती. तेव्हाच्या फ्रान्समध्ये श्रीमंत घरच्या मुलींची लग्नं वडीलधारी मंडळी ठरवून टाकत, मुलीला विचारण्याची पद्धत फारशी नव्हती. त्या दिवसांत एका बाईने असा नवरदेव कल्पिला, जो रोज विचारतो आणि नकार ऐकून घेतो!

सोळा वर्षांनी, १७५६ मध्ये, जान-मारी लप्रँस द बोमों यांनी ती छोटी करून मुलांसाठी लिहिली. आज जगभर सांगितली जाते ती हीच. बोमोंबाई लंडनमध्ये श्रीमंतांच्या मुलींना घरी शिकवायच्या, म्हणजे माझ्याच पेशाच्या! त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो 'मुलांचं भांडार', आणि त्यातला भांडार हा शब्द आहे 'मागाझँ'. तुमच्या हातात आत्ता जे आहे त्याला इंग्रजीत मॅगझिन म्हणतात ना? ते त्याच शब्दाचं भावंड. त्या पुस्तकात एक शिक्षिका आणि तिच्या विद्यार्थिनी गप्पा मारतात, भूगोल शिकतात, इतिहास शिकतात आणि मधूनमधून गोष्टी ऐकून त्यांवर बोलतात.

तशा या गोष्टीच्या आज्या-पणज्या खूप जुन्या आहेत. दुसऱ्या शतकात अपुलेयस नावाच्या लेखकाने लॅटिनमध्ये सायकीची गोष्ट लिहिली. तिचा नवरा फक्त अंधारात भेटायचा आणि तो साप असावा असं बहिणी तिच्या मनात भरवायच्या. इथेही बहिणीच! आपल्या पंचतंत्रातही सापाशी लग्न झालेल्या ब्राह्मणकन्येची गोष्ट आहे. वडिलांनी शब्द दिला म्हणून ती लग्न मोडत नाही. एका रात्री साप कात टाकून तरुण होतो, आणि सासरा ती कात जाळून टाकतो.

मी चौथीच्या वर्गाला बेलची गोष्ट सांगितली, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, पशू कुरूप असला तरी चालतो. पण ती मुलगी कुरूप असती तर?"

वर्ग एकदम गप्प झाला. त्या मुलीला वर्गातली मुलं रंगावरून चिडवायची, हे मला माहीत होतं.

आई-बाबांनो, या प्रश्नाला पळवाट काढू नका. तिचं बरोबर आहे! गोष्ट सांगते, की रूपाकडे बघू नका. पण नायिकेचं नावच 'सुंदर'. शाप कसा सुटणार? तर एखाद्या सुंदर मुलीने लग्नाला होकार दिल्यावर. आणि पशूच्या चांगुलपणाला बक्षीस काय? तर देखणेपण! म्हणजे रूपाला पुढच्या दाराने बाहेर काढलं आणि मागच्या दाराने आत घेतलं. हे मी वर्गात मुलांना सांगितलं, तेव्हा दोघा-तिघांनी तर तावातावाने गोष्टच बदलून टाकली. एकाने पशूला पशूच ठेवलं. एकीने बेलचं नाव बदललं.

मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली, इंग्लंडची. तिथे कुरूप असते ती मुलगी! राजा आर्थरला एक कोडं सोडवायचं असतं, नाहीतर त्याचं डोकं उडणार असतं. कोडं असं, की बायकांना सगळ्यांत जास्त काय हवं असतं? रॅग्नेल नावाची एक अतिशय कुरूप बाई उत्तर सांगायला तयार होते, पण राजाचा शूर सरदार गवेन याच्याशी तिला लग्न करायचं असतं. गवेन राजासाठी हो म्हणतो. उत्तर निघतं ते असं, की बायकांना आपलं आपण ठरवायला मिळायला हवं असतं. लग्नानंतर ती अचानक सुंदर दिसते आणि विचारते, मी दिवसा सुंदर असू की रात्री? एकाच वेळी असता येईल, निवड कर. गवेन डोकं खाजवतो आणि म्हणतो, तूच ठरव. बस्स, शाप सुटला!

"पण शेवटी तीपण सुंदरच झाली," मागच्या बाकावरून आवाज आला. काय बोलणार! तीही खरीच गोष्ट.

तेव्हा मी परीकथा बाजूला ठेवल्या आणि एका खऱ्या माणसाबद्दल सांगितलं. कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ बेटावर सोळाव्या शतकात पेद्रो गोन्झालेझ नावाचा मुलगा जन्मला. त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर, अंगावर दाट केस होते. ही शरीराची एक दुर्मीळ अवस्था आहे, जन्मतःच असते, तिला 'हायपरट्रायकोसिस' म्हणतात. त्यात जादू नाही, शाप नाही, कुणाचा दोष नाही, आणि ती कुणाला लागतही नाही. १५४७ साली, साधारण दहा वर्षांचा असताना, त्याला फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्याकडे नजराणा म्हणून पाठवलं गेलं. हो, एखादा पोपट पाठवावा तसं! राजाने त्याला शिकवलं. पेद्रो लॅटिन शिकला, दरबारी रीतीभाती शिकला. पुढे पॅरिसमध्ये कातरीन नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं.

'सुंदरी आणि पशू'ची गोष्ट यांच्यावरूनच सुचली, असं पुष्कळदा सांगतात. त्याला पुरावा नाही. आणि सायकीची गोष्ट तर यांच्याहून हजारभर वर्षांनी जुनी. पण योरिस हुफनागेल या चित्रकाराने दोघांचं एकत्र चित्र काढलं आहे. त्यात कातरीनने पेद्रोच्या खांद्यावर हात ठेवला आहे. शांत, साधी, नवरा-बायको बसतात तशी बसली आहेत. हे चित्र आहे कुठे, माहीत आहे? किड्यामुंग्यांच्या, फुलपाखरांच्या चित्रांच्या पुस्तकात! निसर्गातल्या नवलांमध्ये माणसांची एक जोडी.

त्यांच्या काही मुलांच्या अंगावरही तसेच केस होते. दरबारी लोकांनी त्या मुलांनाही एकमेकांना भेटी दिल्या. कुठल्या परीने येऊन त्यांचे चेहरे बदलले नाहीत. शाप असलाच तर तो बघणाऱ्यांच्या नजरेत होता, आणि तो सुटायला लग्नाचा होकार पुरला नाही.

त्यातल्या एका मुलीचं चित्र मी मोबाइलवर वर्गाला दाखवलं. तिचं नाव आंतोनिएत्ता. लाविनिया फोंताना या इटालियन चित्रकार बाईंनी ते १५९५ च्या सुमारास काढलं आणि आज ते फ्रान्समध्ये ब्लोआ गावच्या संग्रहालयात आहे. आधी दोन-तीन मुलं हसली. मग सगळी पुढे सरकून बघू लागली. जरीचा भारी झगा, केसांत फुलं, चेहऱ्यावर मऊ केस आणि टपोरे डोळे. ती सरळ आपल्याकडे बघते आहे. हातात एक कागद धरला आहे. आपले वडील कुठून आले, कोणत्या राजाकडे होते, आणि आता आपण कोणत्या सरदारणीकडे राहतो, हे त्यावर लिहिलेलं आहे.

"बाई, ही कितवीत असेल?" मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

आंतोनिएत्ता तेव्हा सात-आठ वर्षांची होती. म्हणजे दुसरी-तिसरीत.